महाराजांएवढी वांगी

सांगा म्हणे गोष्ट! माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातही तिसरीत दोन वर्षं काढलेली. अन् मलाच कॉम्प्युटरची गोष्ट सांगायला बसवताय. ऐका मग, मधे बोलू नका.

कुसुरगडच्या महाराजांना इंटरनेटवर संस्थानाचं पान हवं होतं. वर महाराजांचं नाव टपोरं, खाली एकेका ओळीत एकेक पदवी, आणि शेवटी दसऱ्याच्या पंगतीतले पदार्थ. भिकोबा कारकुनाने छातीठोकपणे सांगितलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. त्याने एंटर दाबदाबून ओळी पाडल्या. पान उघडलं, तर सगळं एकाच रांगेत! 'गडकोटपालक' आणि 'भरली वांगी' खांद्याला खांदा लावून.

महाराज हट्टाला पेटले. उद्या दरबार भरेपर्यंत ओळी सुट्या झाल्या पाहिजेत, पण त्यांनी न लिहिलेला एक ठिपकाही पानावर दिसता कामा नये. नाहीतर भिकोबाने लेखणी ठेवायची आणि हत्तीखान्यात शेण काढायचं.

भिकोबा पाणक्याच्या मुलीकडे, चंपाकडे गेला. ती तालुक्याला हेच शिकत होती. नातीच्या वयाच्या पोरीपुढे हात जोडणं जड गेलं, पण हत्तीचं शेण त्याहून जड. तिने समजावलं, टोकदार कंसात खुणा लिहायच्या. मशीन त्या पाळतं, पानावर दाखवत नाही. नावाआधी मथळ्याची खूण, नाव झालं की मथळा संपल्याची, आणि ओळ मोडायची तिथे ओळमोडीची. "कळलं, कळलं," म्हणत भिकोबा स्वतःच लिहायला बसला.

दरबारात पान उघडलं. ओळी सुट्या, नाव टपोरं. पण पदव्याही टपोऱ्या, आणि तळाला महाराजांएवढीच टपोरी भरली वांगी!

महाराजांचे कान लाल झाले. त्यांनी मूळ लिखाण मागवलं आणि कंसांवर बोट ठेवलं. "हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या मजकुरात कसं आलं?"

चंपा पुढे झाली. "महाराज, आपण येता तेव्हा चोपदार 'उठा' म्हणतो, दरबार उठतो. ते 'उठा' आपल्या भाषणात धरायचं का?"

"मुळीच नाही. पण वांगी माझ्याएवढी कशी?"

"भिकोबाआजोबांनी 'उठा' लिहिलं, 'बसा' लिहायचं विसरले. बिचारी वांगी अजून उभीच आहेत."

तिने राहिलेली खूण घातली आणि वांगी मुकाट खाली बसली. महाराज इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. चंपाला सोन्याचं कडं आणि पानाचा सगळा कारभार मिळाला, भिकोबाची लेखणी वाचली. पण त्या हसण्याच्या भरात, भर दरबारात, "या कारकुनापेक्षा वांगं शहाणं," म्हणाले ते दिवाण विश्वंभरपंत. त्यांनी अजून माझी माफी मागितलेली नाही.