तळहातावरच्या लिंबाची कहाणी

ऐका आक्का, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, त्याच्या वेशीशी लाल मातीचा आखाडा. तिथं भागूआक्का वस्ताद मुलींना लाठी शिकवी, दांडपट्टा शिकवी. तिची आवडती शिष्या सगुणा. सगुणेचं लग्न झालं, लेक झाली, लेकीचं नाव जाई. जाईनं पट्टा हाती धरला आणि सगुणेच्या डोळ्याला डोळा लागेना. काळजी कसली? आखाड्याचा वसाच तसा होता.

वसा कसा? दसऱ्याला वस्तादानं उघड्या तळहातावर लिंबू धरावं. आधीच्या गुरूंची नावं घ्यावी, शेवटी आपलं घ्यावं. आपलं नाव उच्चारलं की शिष्येनं पट्टा फिरवत यावं, लिंबू चिरावं. हात हलू नये, डोळे मिटू नयेत, घेतला वसा टाकू नये.

मग म्हातारपणी आक्कांची नजर गेली. म्हणाल्या, "सगुणे, आता तू वस्ताद. लिंबू तू धर."

पहिला दसरा आला. "आक्का, जाईला खोकला झालाय." दुसरा दसरा आला. "आक्का, पट्टा गंजलाय." तिसरा दसरा आला. "आक्का, लिंबं मिळाली नाहीत."

"दसऱ्याला लिंबं मिळाली नाहीत? अगं, दारोदारी टांगलीत की!"

मग मुली कुजबुजल्या, "वस्तादच भिते, आपण काय शिकायचं?" एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मातीत गवत माजलं. आक्कांनी निरोप धाडला, "यंदा लिंबू चिरलं नाही, तर मूठभर माती माझ्या पदरात घाला आणि आखाडा बुजवा."

सगुणा रडू लागली. जाईनं विचारलं, "आई, माझा हात चुकेल असं वाटतं तुला?"

"तुझा नाही गं बाई. माझा हलेल."

मग सगुणेनं पदर खोचला. गवत उपटलं, माती चाळली, ताक घातलं, हळद घातली, तेल घातलं. चौथा दसरा आला. सारं नगर लोटलं. आक्कांना हाताला धरून आणलं. सगुणेनं तळहातावर लिंबू ठेवलं. लिंबू थरथरू लागलं.

"रखमाक्का," सगुणा म्हणाली. "गोदाक्का. भागूआक्का." आणि थांबली. जाईचा पट्टा गरगर फिरतोय, पाऊल मात्र उचलत नाही.

"पुढं?" आक्कांनी विचारलं.

"तीन दसरे चुकवले, आक्का. त्या रांगेत माझं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?"

"मी पाच चुकवले होते. घे मुकाट्यानं!"

सगुणेनं डोळे उघडे ठेवले. "सगुणा," म्हणाली. हात दगडासारखा झाला. पट्टा सुंकन आला, वारा लागला, लिंबाच्या दोन फोडी मातीत पडल्या. आक्कांनी तिचा हात चाचपला. एक, दोन, तीन, चार, पाच. "आहेत गं सगळी!" हलगी कडाडली. गेलेल्या मुली धावत आल्या, मातीला हात लावून उभ्या राहिल्या.

आक्कांनी जाईला जवळ घेतलं. "काय हवं ते माग, पोरी."

जाई म्हणाली, "पुढं लिंबू मला धरायचंय. ती शेजारची ठमी द्या मला शिकवायला. तिला नाक पुसता येत नाही, पण लाठी पेलते."

जशी सगुणेची भीती फिटली, तशी तुमची आमची फिटो. गुरूचं देणं पुढच्या हाती जावो. ही साठ हातांची कहाणी एका तळहाती सुफळ संपूर्ण.