वाढलेल्या बशीचा विळा

खाडीवर पूल नव्हता, होडीसुद्धा दिवसाआड यायची, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या आगरवेळात धुरपदा नावाची बाई होती, पाट्या-जात्यांना छिन्नीने टाकी लावणारी. नवरा तरणाच गेलेला. जीभ तिखट आणि हात जिभेहून तिखट, असं म्हणतात.

एका वर्षी गावाने खोताकडे फुकट राबायला जायचं नाकारलं. खोताने काय करावं? ऐन कापणीच्या तोंडावर घराघरातलं लोखंड उचलून नेलं. विळे, कोयते, धुरपदाची छिन्नीसुद्धा. वर म्हणाला, आता दातांनी कापा.

भात पिकून वाकलेलं. हाताने ओढावं तर दाणे चिखलात. असंच चाललं असतं तर वर्षभर पोरं उपाशी. पुरुष पारावर कपाळाला हात लावून बसले. ते त्यांना छान जमतं.

धुरपदा किनाऱ्यावर गेली. तिथे मागे एक गलबत फुटलं होतं, त्यातल्या चिनी मातीच्या बशांचा खच पडलेला. तिने एकेक बशी वाजवली. खणखणली ती ठेवली, बद्द वाजली ती फेकली. मग गोटा घेऊन काठावर तिरपा घाव घातला. वस्तऱ्यासारखं पातं सुटलं. बाकीचे ठोकायला बसले ते मधोमध, नुसता भुगा. तिने शिव्या देत देत शिकवलं, असं म्हणतात.

म्हातारे रावजीकाका म्हणाले, "फुटक्या बशीने कुठे कापणी होते का गं?"

"फुटली म्हणू नका काका, वाढली म्हणा. नवरा गेला तेव्हा तुम्हीच माझ्या बांगड्या फोडल्यात आणि वाढवल्या म्हणालात. काय वाढलं, ते मला काही दिसलं नाही. आता मी दाखवते."

वाकड्या लाकडाला खाच पाडून तिने पाती लाखेने ओळीने बसवली. झाला विळा. घरोघर विळे झाले. शिवारात बगळे उतरल्यागत पांढरं चमकायला लागलं. विळ्याचा दात तुटला तर सकाळी त्याच जागी नवा उगवायचा, असं म्हणतात. मी म्हणते, धुरपदाच रात्री जागून बसवत असणार. पण गावाला उगवलेलाच आवडतो.

खोत बघायला आला. धारेवर अंगठा फिरवला, रक्त आलं. अंगठा मुठीत धरून परत गेला. दुसऱ्या दिवशी सगळं लोखंड देवळापुढे आणून टाकलेलं.

आजही आगरवेळात भाताची पहिली मूठ चिनी मातीच्या विळ्याने कापतात. कापते ती नवरा गेलेली बाई, हातभर हिरव्या बांगड्या घालून. कारण तेव्हापासून आपल्याकडे कुणी कुणाच्या बांगड्या फोडत नाही. बाहेरून आलेल्या एखाद्याने त्या फोडायला हात पुढे केलाच, तर बाया मधे तो विळा ठेवतात. हात मागे जातो.