निशाणकाठीचा तोरा

भूमध्य समुद्रात एक बेट होतं आणि त्याच्यावर राज्य करायला सतत कुणी ना कुणी येत असे. बंदराच्या किल्ल्यावर एक निशाणकाठी होती आणि तिच्या शेजारी ऑलिव्हचं एक वाकडं झाड. नवा राजा आला, की सगळ्यात आधी काठीवरचं निशाण बदलायचा.

"पाहिलंस? समुद्रापलीकडून राजे येतात, ते मला सजवायला!" काठी तोऱ्यात म्हणायची.

"हो बाई. जेवणाची वेळ तर होऊ दे," झाड म्हणायचं. कारण प्रत्येक राजाचा दुसरा हुकूम ठरलेला असायचा : पावाबरोबर ऑलिव्हचं तेल आणा.

एकदा आलेला राजा भारी संशयी निघाला. "हिने माझ्या शत्रूंची निशाणं मिरवली आहेत!" असं म्हणत त्याने काठीच उपटून खाली भिरकावली. मग तो जेवायला बसला आणि त्यानेही तेल मागितलं.

किल्ल्याखाली राहणाऱ्या कातेरिनाबाईंना झाडाची फळं झोडायला काठी हवीच होती. त्यांनी ती उचलली आणि कामाला लावली. झोडता झोडता काठीला दूरवर नवी शिडं दिसली.

"अरे, राज्य बदलतंय!" ती सवयीने ओरडली.

"बदलू दे," झाड म्हणालं. "तू आधी ती वरची फांदी झोड. पाहुणे बरोबर जेवणाच्या वेळेला पोचतील."