सालीखालची वाट

“पण बाबा, पानं तर हिरवीगार आहेत! मग झाड मेलं असं कसं म्हणता?”

“मेलं म्हटलं नाही मी. मरायला लागलंय म्हटलं.”

मठातला शिष्य मार्तंड मान वर करून बघत राहिला. नदीकाठचा तो अर्जुनवृक्ष मठाहूनही जुना. गैबीनाथबाबा त्याच्या सालीचा काढा छातीच्या दुखणेकऱ्यांना देत. मठाची रीत अशी, की साल एकाच अंगानं, तळहाताएवढीच काढायची. ती जागा भरून येईपर्यंत खोडाला पुन्हा सुरी लावायची नाही.

यात्रेच्या दिवशी बाबा परगावी होते. लोक साल मागत राहिले, मार्तंड देत राहिला. कुणीतरी ‘महाराज’ म्हणून पाया पडलं, मग तर त्याचा हात थांबेचना. संध्याकाळपर्यंत खोडाभोवती वीतभर रुंदीचा उघडा पट्टा झाला होता.

“कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही मी,” तो म्हणाला. “आणि मुळं शाबूत आहेत की! मूळ देणारं, पानं घेणारी. जसे तुम्ही आणि आम्ही शिष्य. मूळ पाणी देतंय तोवर भीती कसली?”

“पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून. ते चालू आहे, म्हणून पानं हिरवी. बरं, मूळ काय खातं?”

“माती...”

बाबा हसले. “पानं उन्हात रांधतात. ते अन्न सालीतून खाली उतरतं, तेव्हा मूळ जेवतं. ती वाट तू चहूबाजूंनी तोडलीस.”

मार्तंड त्या उघड्या पट्ट्यावर हात ठेवून रडू लागला.

“मग आता किती दिवस...?”

“मुळांत साठवलेलं पुरेल तितके. पानं इतक्यात काही सांगायची नाहीत.”

“काहीच करता येणार नाही?”

बाबांनी कफनी वर खोचली. “रडू नकोस. याच झाडाच्या कोवळ्या, सरळ काड्या आण.”

मग दोघं कामाला लागले. काडीची दोन्ही टोकं तासायची. एक टोक पट्ट्याच्या खालच्या सालीत सरकवायचं, दुसरं वरच्या सालीत.

“शेंडा वरच ठेव हो,” बाबा म्हणाले. “उलटी लावलीस तर फुकट जाईल.”

खोडाभोवती अशा काड्यांचे पूल उभे राहिले. टोकांवर माती आणि शेणाचा लेप बसला, वरून सुतळी आवळली.

पुढचे काही महिने मार्तंडला अन्न गोड लागलं नाही. कुणी ‘महाराज’ म्हटलं की तो चक्क गोठ्यात जाऊन लपे. रोज उठून झाडापाशी जायचा, लेपाला हात लावायचा आणि खाली मान घालून परत यायचा. बाबा कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असं त्याला वाटे.

एके दिवशी दुपारी एका ठिकाणचा लेप तडकलेला दिसला. मार्तंडनं भीत भीत ढलपी काढली. आतली काडी चांगली अंगठ्याएवढी जाड झाली होती. तिची साल खोडाच्या सालीत मिसळून गेली होती. त्यानं हलकेच ओढून पाहिली... हलेना. दुसरी पाहिली. तीही हलेना.

“बाबा! वाचलं! झाड वाचलं आपलं!”

बाबा लगबगीनं आले. एकेका काडीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मोठा सुस्कारा सोडला. बाबाही इतके दिवस घोरात होते, हे मार्तंडला तेव्हा कळलं. तो हसता हसता रडायला लागला.

रडून झाल्यावर त्यानं डोळे पुसले.

“येतो मी, बाबा. एवढ्यासाठीच थांबलो होतो. आजवर तुमच्याकडून नुसतं घेत आलो. माझ्यासारख्याचा तुम्हाला काय उपयोग?”



बाबा झाडाच्या बुंध्याशी मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ त्यांनी मार्तंडपुढे धरली.

मार्तंड गोंधळला. “काय हवंय, बाबा?”

“भूक लागलीय रे मला. खायला घाल.”