कोंडाबाईच्या टकळीचा दगड

पावनं, ह्यो सपाट दगड बघा. वर खापराच्या गोल चकत्यांचा ढीग हाय न्हवं? हौशी लोक एखादी खिशात घालत्यात. नेऊ नका. बायांनी देवाला वाहिल्यात त्या.

असं सांगत्यात, हितं कोंडाबाई म्हणून एक धनगरीण ऱ्हायची. एका साली मेंढरांत रोग शिरला. रोज दोन-चार आडवी व्हायची. कोंडाबाईनं बिरोबाम्होरं पदर पसरला, "कळप वाचीव. एका घोंगड्याचं सूत मी एकटी कातीन, दुसरा हात लागू देनार न्हाई." रोग हटला. पर जत्रंच्या आत सूत आलं न्हाई तर रोग माघारी येनार, असं पुजाऱ्यानं बजावलं म्हनं.

त्या काळी टकळी म्हंजे नुसती काडी. पीळ दिला की दोन गिरक्या घ्यायची आन मान टाकायची. फिरवा, थांबली. फिरवा, थांबली. दिसभर मेंढरांमागं चालायचं आन चालता चालता कातायचं. बोटांची सालं गेली. बसलं तर डोळा लागंल म्हणून ती बसायचीबी न्हाई. जत्रा आठ दिसांवर आली, निम्मी लोकर तशीच.

आन नवरा म्हाकू? ह्याच दगडावर पालथा पडून खेळत असायचा. फुटक्या मडक्याचं खापर घासून त्यानं चकती केलेली, मधल्या भोकात काडी. ती फिरवायची आन बघत ऱ्हायचं.

एक दिस कोंडाबाईची काडीच मोडली. ती मटकन खाली बसली.

"अवो, माझा जीव चाललाय आन तुमी काय खेळताय?"

"आगं, गंमत बघ. नुसती काडी लगीच पडतीया. चकती घातली की थांबायचं नाव न्हाई. वजन लई आळशी. गप असलं तर हलत न्हाई, फिराय लागलं तर थांबाय कंटाळतंय."

"तुमच्यावानीच म्हना की!"

तिनं ते खेळणं हिसकलं. फेकायला हात उचलला, आन थबकली. काडीला लोकर गुंडाळून तिनं चकती खाली सोडली, पीळ दिला. हातभर सूत झालं तरी फिरतीच हाय.

तिचं डोळं भरलं. मग घाबरली. "ही चकती तुमी घासलीया. दुसरा हात लागला. नवस मोडला की वो."

म्हाकू म्हनला, "मला जन्मात कुनी काम करताना बघितलंय? ह्यो खेळ हाय. बिरोबालाच इचार."

आठ दिस तिनं कातलं. जत्रंला सूत ठिवलं, चकतीबी ठिवली, खरं ते सांगून टाकलं. पुजाऱ्यानं कौल लावला. पाकळी लई वेळ हलंना. मग उजवीकडं पडली, म्हंजे देवानं नवस मानला.

कोंडाबाई देवळातनं निघाली. हितं येऊन आडवी झाली. एक दिस गेला, दुसरा गेला.

बाया म्हनल्या, "भावजी, उठवा तिला. मेंढरं कोंडल्यात."

म्हाकूनं पागोटं सोडून तिच्या उशाखाली घातलं. "मेंढरं मी नेतो. हिला कुनी हाक मारली तर याद राखा."

कळपालासुदा नवल वाटलं म्हनं. तिसऱ्या दिसाच्या उन्हाला ती उठली. कळपातलं एकबी मेंढरू कमी झालं नव्हतं.

आजही जत्रा सरली की तीन दिस हितली एकबी बाई टकळीला शिवत न्हाई, चुलीम्होरं जात न्हाई. भाकरी बाप्ये थापत्यात, म्हणून तुमच्या ताटात ती करपकी आली. गुमान खावा, पावनं. आन जरा हळू बोला. समद्या झोपल्यात.