ठकू सुईण आणि तिचा एकच प्रश्न

आमच्या बोरदऱ्यात माणसांपेक्षा शेरडं जास्त होती, त्या फार मागच्या काळची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची बाई होती. शेरडं राखायची आणि बायांची बाळंतपणं करायची. दोन्ही कामं तिची ती शिकली.

तिला लहानपणापासून एक खोड. करडू जन्मायचं, ओलंचिंब, पाय लटपटणारे. तरी धडपडत उठायचं आणि नेमकं आईच्या आचळाशी जायचं. ठकू विचारायची, "ह्याला कोणी शिकवलं?" सुगरणीचा खोपा दिसला की तेच. मुंग्या पावसाच्या आधी अंडी घेऊन वर चढल्या, तरी तेच. बाप म्हणाला, देवानं शिकवलं. गुरव म्हणाला, मागच्या जन्मानं. ठकू म्हणाली, "दोघांनी दोन सांगितलं, म्हणजे माहीत कोणालाच नाही."

असं म्हणतात, की शेवटी तिनं शेळीलाच विचारलं, आणि शेळी म्हणाली, "बघत बस." शेळी बोलली का, ते शेळीला ठाऊक. ठकू बघत बसली, एवढं खरं.

आता त्या काळची रीत ऐका. बाळंतिणीचं पहिलं दूध, पिवळा घट्ट चीक, तो वाईट म्हणून पिळून टाकायचा. तीन दिवस लेकराला अंगावर घ्यायचं नाही, गुळाच्या पाण्याची चिंधी चोखवायची. आणि हीच माणसं गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस खाऊन बोटं चाटायची. त्यांच्या अकलेचं काय सांगावं.

गावातल्या सुंद्राची दोन लेकरं अशी चिंधी चोखतच गेली. तिसऱ्या खेपेला, उन्हं अंगणात उतरली तेव्हा मुलगी झाली. ओंजळीएवढी, रडली न रडली अशी. सासू कोंडाबाई चिंधी भिजवून तयारच होती.

"ठेव ती चिंधी," ठकू म्हणाली. "करडाला चीक चालतो, मग हिला का नाही?"

"अगं, शेरडं आणि माणूस एक का?"

"एक नाहीत. शेरडाला सासू नसते."

कोंडाबाई उसळली. तेवढ्यात वाकळेवरून सुंद्रा म्हणाली, "आत्याबाई, दोन वेळा तुमचं ऐकलं. ह्या वेळी ठकूमावशीचं होऊ द्या."

कोंडाबाईनं चिंधी खाली ठेवली.

ठकूनं लेकरू पुसलं आणि सुंद्राच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं. कोंडाबाई त्याला वर सरकवायला पुढं आली. "हात मागं," ठकू म्हणाली. "तिचं तिला येतं का बघू." येईल की नाही, ते ठकूलाही ठाऊक नव्हतं. शेरडाचं तिनं शंभरदा बघितलं होतं, माणसाचं कोणी बघू दिलंच नव्हतं.

लेकरू पडून राहिलं. मग एक टाच हलली. बोटभर वर सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. असं म्हणतात, की दारातली शेरडं रवंथ करायची थांबली, बाभळीवरच्या सुगरणी विणायच्या थांबल्या, आणि वारा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. लेकरानं मान इकडं केली, तिकडं केली, तोंड उघडलं, आणि धरलं. त्या चोखण्याचा आवाज ओढ्यापलीकडं ऐकू गेला, असं म्हणतात.

कोंडाबाई लेकराजवळ वाकली. हलक्या आवाजात म्हणाली, "हिला कोणी शिकवलं?"

जन्मभर ठकूच विचारत आली होती, आज दुसऱ्या कोणी विचारलं. तिचे डोळे भरले.

"मला काय माहीत, कोंडे," ती म्हणाली. "पण ज्यानं करडाला शिकवलं, तो आपल्याला विसरला नाही, एवढं कळलं." आणि तिनं दारातल्या शेरडांना हात जोडले.

ती मुलगी जगली. तिनं पणतवंडं खेळवली. आज अर्धा बोरदरा तिच्याच पोटचा आहे, म्हणजे ठकूच्या हातचा आहे.

अजून आमच्यात गाय व्याली की खरवसाची पहिली वडी ठकूच्या नावानं सासू सुनेला भरवते. ही रीत कोंडाबाईनं घातली, आणि भरवताना ती दर वेळी रडायची, असं म्हणतात. बाळंतपणं आता तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तिथंही आमची एखादी म्हातारी नर्सच्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, "बाई, पोटावर ठेवा आणि जरा थांबा. तिचं तिला येतं."