आढ्यावरची शेवटची पेंढी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मी काही तिथं नव्हतो.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथं कुणाचं घर पडलं किंवा जळलं, की सगळा गाव मिळून ते उभं करायचा. मजुरी कुणी घेत नसे. मात्र एक रीत होती. गवताची शेवटची पेंढी आढ्यावर बांधण्याआधी घरधन्यानं अंगणात उभं राहून चार शब्द बोलायचे. तो बोलला नाही, तर तेवढी जागा उघडी सोडून माणसं निघून जायची. मग पावसाळाभर घरात धार.

एका कुंभाराचं घर भट्टीच्या ठिणगीनं जळलं. गाव कामाला लागला. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की कुंभाराला घाम फुटायचा. म्हणून त्यानं राजाच्या भाटाकडून एक भाषण आणलं. माणसं उन्हात राबत होती आणि हा गोठ्यात बसून ते घोकत होता. असले शहाणे आजही आहेत.

शेवटची पेंढी हातात घेऊन सुतार आढ्यावर बसला. कुंभार अंगणात आला.

"हे नरश्रेष्ठांनो, मेरुपर्वतासमान..." पुढचं डोक्यातून गेलं.

"मेरुपर्वत मागाहून शाकारू," सुतार वरून म्हणाला. "आधी हे घर होऊ दे."

सगळे हसले. कुंभारानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पर्वतावरच अडकला. आता कुणी हसेना. एकजण शिडी उतरू लागला.

कुंभारीण म्हणाली, "अहो, तो भाट इथं राबला नाही. राबलं कोण ते वर बघा आणि बोला."

कुंभारानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सुतारदादा, तुमचा गुडघा फुटलाय. मला आत्ता दिसलं. मामा, हे गवत तुमच्या माळावरचं. तुमचं छप्पर तसंच ठेवून माझ्या घरावर घातलंत. तुम्ही राबत होता आणि मी गोठ्यात शब्द घोकत होतो. माझी पोरं यंदा कोरडी झोपतील, ती तुमच्यामुळं. दुसरं काय बोलू?"

शिडीवरचा माणूस परत वर चढला. सुतारानं पेंढी आवळून बांधली.

त्यानंतर गावात कुणाचंही घर उभं राहिलं, की कुंभार पहिल्या खांबापासून राबायचा आणि कोण काय करतं ते बघायचा. त्याला कधीही उठवून बोलायला सांगा, तो अडायचा नाही.

तात्पर्य काय, आयत्या वेळी नीट बोलायचं असेल, तर आधी आपल्यासाठी राबणाऱ्यांकडे नीट बघायला शिका.